वेंगुर्ला रोडने खाली, देवगड–निपाणी रस्त्याने वर: सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील किल्ले कसे पाहावेत

बेळगावात 'वेंगुर्ला रोड' म्हटले की हिंडलग्याकडे जाणारा रस्ता डोळ्यांसमोर येतो, पण या नावाच्या शेवटी एक बंदर आहे हे आपण सहसा विसरतो. १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला, पुढे येथे लष्करी छावणी वसली, आणि त्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून आंबोलीमार्गे घाट चढून येऊ लागला. आंबोली हे थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपाला आले तेसुद्धा मुळात या रस्त्यावरचा मुक्कामाचा टप्पा म्हणूनच. बेळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला निपाणीहून निघणारा रस्ताही असाच राधानगरी आणि फोंडा ओलांडून देवगडच्या बंदरापर्यंत पोहोचतो. या दोन रस्त्यांच्या मधला किनारा, म्हणजे दक्षिणेच्या तेरेखोलपासून उत्तरेच्या विजयदुर्गापर्यंतचा पट्टा, चार दिवसांत नीट कसा पाहावा याची ही माहिती आहे. वेंगुर्ला रोडने खाली उतरायचे आणि देवगड–निपाणी रस्त्याने वर यायचे, असा हा फेरा आहे.

प्रवासाची दिशा आणि पाहण्याची पद्धत

बहुतेक मंडळी मालवणला मुक्काम ठोकतात, सिंधुदुर्ग पाहतात, मासे खातात आणि परततात. त्यात वाईट काही नाही. पण एकच किल्ला पाहून किनाऱ्याचा इतिहास कळत नाही, कारण येथला प्रत्येक किल्ला एखादी खाडी किंवा बंदर राखण्यासाठी उभा आहे. घाटमाथ्यावर उगम पावणाऱ्या नद्या समुद्राला मिळतात तेथे खाड्या तयार होतात, खाडीतून गलबते आत शिरतात, आणि खाडीचे तोंड ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे मालावरची जकात, असा हा साधा हिशेब होता. म्हणून प्रवासाची आखणी गावांच्या नावांवरून न करता खाड्यांवरून करावी. तेरेखोलच्या खाडीवर तेरेखोलचा किल्ला आहे आणि रेडीच्या लहानशा खाडीवर यशवंतगड. कर्लीच्या मुखाच्या दक्षिणेला निवती, मालवणच्या बंदरासमोर सिंधुदुर्ग, कोळंबच्या खाडीवर सर्जेकोट, देवगडच्या खाडीवर देवगड आणि वाघोटणच्या खाडीवर विजयदुर्ग, असा हा क्रम आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे गेले की लहान किल्ल्यांपासून मोठ्यांकडे चढत जाता येते; उलट दिशेने आले तर विजयदुर्गानंतर यशवंतगड पाहायला पाय उचलत नाहीत. रेवस–रेडी सागरी महामार्गाचे दक्षिण टोकही रेडीलाच आहे, त्यामुळे आपण हा मार्ग त्याच्या टोकापासून धरतो.

महिना आणि तिथी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात सिंधुदुर्गाकडे जाणारी होडी बंद असते, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि आंबोलीचा घाट धुके, दरडी आणि शनिवार-रविवारी धबधब्यापाशी होणारी गर्दी यांमुळे भरवशाचा राहत नाही. मे महिन्यात आंबे असतात हे खरे, पण दुपारी अकरानंतर तटावर उभे राहवत नाही. फेब्रुवारीच्या आसपास मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची जत्रा आणि कुणकेश्वरची महाशिवरात्र येते. त्या दिवसांत मालवण आणि देवगड तालुक्यांतील रस्ते तुंबतात आणि खोल्या मिळत नाहीत. जत्रेसाठीच जायचे असेल तर गोष्ट वेगळी.

बसने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती सीमाभागातील वाचकाला सांगण्याची खरे तर गरज नाही. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आगेमागे आणि बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबतात. परतीचा दिवस या तारखांवर येणार नाही असे पाहावे.

महिन्यापेक्षाही तिथी महत्त्वाची, आणि याकडे घाटावरच्या माणसाचे हमखास दुर्लक्ष होते. तटाचा पाया, खडकातल्या पायऱ्या, गोदीच्या भिंती या गोष्टी ओहोटीलाच दिसतात. यासाठी जुन्या पिढीचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन दुपारच्या तोंडाला भरती आणि संध्याकाळी पाचच्या पुढे ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. आता अष्टमीची दुपारची ओहोटी सोयीची वाटली तरी ती 'भांगाची' असते, म्हणजे पाणी फारसे उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या 'उधाणा'त पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. या दोहोंचा मेळ द्वितीया ते चतुर्थी या तिथींना बसतो, कारण तेव्हा उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते नऊच्या दरम्यान येते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहून मालवणचा मुक्काम या तिथींवर येईल असा बेत आखावा. ही वेळ ढोबळ आहे, तेव्हा प्रत्यक्ष पाण्यात उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला विचारावे.

तयारी

चार दिवसांच्या प्रवासाला फारसे सामान लागत नाही. तळव्याला घट्ट पकड असलेले बूट, डोक्याला टोपी, माणशी दोन लिटर पाणी आणि एक चांगली विजेरी एवढे पुरे. विजेरी यासाठी की तटाच्या पोटातील खोल्या आणि कोठारे दिवसाही अंधारी असतात आणि मोबाइलचा उजेड तेथे पुरत नाही. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण लहान गावांत मोबाइलची रेंज जाते आणि मग मोबाइलवरून पैसे देणे अडते. इंधन सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण आणि देवगड येथे भरून घ्यावे. मधल्या किनारी रस्त्यावर पंपाच्या भरवशावर राहू नये. ज्या घरगुती निवासात उतरणार त्यांच्यासाठी बेळगावचा कुंदा न्यावा. मुक्कामाच्या घरी अर्धा किलो कुंदा दिला की दुसऱ्या दिवशी कोणत्या वाटेने जावे, होडीवाला कोण चांगला, या चौकशीला वेगळीच उत्तरे मिळतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

पहिला दिवस: बेळगाव ते वेंगुर्ला

सकाळी सातपूर्वी निघावे. हिंडलगा आणि शिनोळी मागे टाकून पाटणे फाटा, नागनवाडीवरून चंदगडच्या बाजूने आंबोली गाठता येते. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, त्यामुळे शिनोळीची कमान ओलांडून महाराष्ट्रात शिरले तरी बोली, पाहुणेपण आणि बाजाराची ओढ यांत काही फरक जाणवत नाही. खानापूरकडच्या मंडळींना जांबोटी–चोर्ला मार्गे साखळी आणि दोडामार्गावरून बांद्याला उतरणे सोयीचे पडते, पण मग आंबोली हुकते.

आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी थांबावे. गुहेतून येणारे हे पाणी आजरा, गडहिंग्लज आणि संकेश्वरावरून वाहत जाऊन घटप्रभेला मिळते, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात परत येते. येथून काही अंतरावर पडणारा पाऊस मात्र पश्चिमेकडे उतरून खाड्यांना मिळतो. घाट उतरण्यापूर्वी हे ध्यानात घेतले की पुढच्या चार दिवसांत दिसणाऱ्या प्रत्येक खाडीचा माथा कोठे आहे हे कळते.

सावंतवाडीत दोन तास द्यावेत. मोती तलावाकाठचा राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३ अशी दीर्घ होती. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, अजून तयार होतात; ही कला बुडण्याच्या बेतात असताना राजघराण्याने १९७० च्या दशकात ती पुन्हा उभी केली. लाकडी खेळणी आणि फळांच्या प्रतिकृती घ्यायच्या असतील तर चितारआळीत जावे. सावंतवाडीकर भोसल्यांचे नाव पुढे प्रत्येक किल्ल्यावर येणार असल्यामुळे हा थांबा टाळू नये. या घराण्याची आणि पोर्तुगीजांची दीडशे वर्षांची ओढाताण समजल्याशिवाय तेरेखोल समजत नाही. दुपारच्या जेवणानंतर वेंगुर्ल्याला पोहोचून मुक्काम करावा.

दुसरा दिवस: तेरेखोल, रेडी, शिरोडा, वेंगुर्ला

वेंगुर्ल्याहून थेट दक्षिणेला तेरेखोलपर्यंत जावे आणि परतताना एकेक ठिकाण पाहत यावे. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही हा किल्ला गोव्यात आहे, हे नकाशात पाहिले की चमत्कारिक वाटते. सावंतांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला आणि तेव्हापासून नदीपलीकडचा हा तुकडा गोव्याकडे राहिला. आतल्या चौकात संत अँथनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोव्यातील सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला आणि नंतर ते पकडले गेले. त्या लढ्यात बेळगाव हे सत्याग्रहींचे मोठे ठाणे होते, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात शिरलेल्या भारतीय सैन्याची जुळवाजुळवही बेळगावातच झाली होती, त्यामुळे बेळगावकराला हा लहानसा किल्ला परका वाटण्याचे कारण नाही. किल्ल्याच्या इमारतीत हॉटेल चालत आलेले असल्यामुळे आत जाण्याची मुभा दर वेळी सारखी नसते. आदल्या दिवशी विचारून घ्यावे. आत जाता आले नाही तरी बाहेरच्या वळणावरून समोरचा केरीचा किनारा आणि खाडीचे तोंड पाहता येते, आणि तोफेच्या टप्प्यात किती पाणी येते याचा अंदाज करता येतो. गोव्यातून बाटल्या आणण्याचा मोह टाळावा, कारण परतीच्या वाटेवर उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते आणि त्यात अर्धा दिवस जातो.

रेडीचा यशवंतगड हा माझ्या मते या मार्गावरचा सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणूनच निवांत पाहता येणारा किल्ला. झाडोऱ्यात बुडालेल्या या गडावर वडा-पिंपळाची मुळे भिंतींत उतरली आहेत. किल्ला 'वाचायला' शिकण्यासाठी हीच जागा योग्य, कारण गर्दी नाही आणि आकार आवाक्यातला आहे. पाहण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम बाहेरून तटाकडे पाहून दगड ओळखावा. तांबूस, सच्छिद्र दिसतो तो जांभा, स्थानिक खाणीतला, कापायला सोपा आणि हवेत कठीण होत जाणारा. मग दरवाजा शोधावा आणि तो समोरून का दिसत नाही याचा विचार करावा. दोन बुरुजांच्या कुशीत वळणावर दडवलेल्या अशा दरवाजाला शत्रूची तोफ सरळ लागत नाही आणि हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही. त्यानंतर तटातील जंग्या, म्हणजे बंदुकीची तिरपी भोके, कोणत्या दिशेला रोखली आहेत ते पाहावे. फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरील चालण्याच्या वाटेवर, जागा भक्कम असेल तेथेच चढावे. शेवटी पाणी शोधावे: विहीर कोठे, ती तटापासून किती आत, आणि वेढा पडला तर ती किती माणसांना पुरेल. दगड, दरवाजा, जंग्या, पाणी हा क्रम एकदा डोळ्यांना सवयीचा झाला की पुढे सिंधुदुर्गावर वाटाड्या नसला तरी अडत नाही. साप-विंचवांमुळे गवतात हात घालू नये, आणि एकट्याने आतल्या पडक्या खोल्यांत शिरू नये.

रेडीच्या गणपतीचे मंदिर जवळच आहे. लोहखनिजाच्या खाणीत १९७६ मध्ये सापडलेली ही द्विभुज मूर्ती आहे. पुढे शिरोड्याला मिठागरे दिसतात. १९३० च्या मे महिन्यात येथे मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीची कथा सर्वांना ठाऊक असते, पण आपल्या इतक्या जवळचे हे ठिकाण पाहायला क्वचितच कोणी थांबते.

दुपारनंतर वेंगुर्ल्यात डचांची वखार पाहावी. १६३७ मध्ये डचांनी येथे ठाणे घातले, त्यामागे व्यापाराइतकेच राजकारण होते: पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रातून नाकेबंदी करायची तर शेजारी रसद आणि पाणी देणारे बंदर हवे होते. आज वखारीच्या पडक्या भिंती आणि कमानीच उरल्या आहेत. इमारत धोकादायक अवस्थेत असल्यामुळे बाहेरूनच पाहावी. ती किल्ला नव्हे तर तटबंदी केलेले गोदाम आहे, आणि हा फरक लक्षात आला की येथे येण्याचे सार्थक झाले. संध्याकाळी बंदरावर जावे. ज्या धक्क्यावरून बेळगावच्या छावणीचा माल चढला, तेथून आता मासे उतरतात.

तिसरा दिवस: निवती आणि मालवण

वेंगुर्ल्याहून म्हापण–परुळ्याच्या रस्त्याने निघावे. हा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, किलोमीटर कमी असले तरी वेळ लागतो. निवतीचा किल्ला लहान आहे, अवशेषही थोडे आहेत. पण माथ्यावरून दक्षिणेला निवतीचा किनारा आणि उत्तरेला भोगव्याची वाळू एकाच वेळी दिसते, आणि एवढ्या लहान टेकडीवर किल्ला का बांधला हे विचारावे लागत नाही. परुळ्याला आदिनारायणाचे, म्हणजे सूर्याचे देऊळ आहे. सूर्यमंदिरे आपल्याकडे विरळ असल्यामुळे दहा मिनिटे थांबण्याजोगे.

ज्यांना थोडी वाकडी वाट करता येईल त्यांनी मालवणला जाताना धामापूरचा तलाव पाहावा. विजयनगरच्या काळात १५३० मध्ये बांधलेल्या या तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. काठावर भगवतीचे मंदिर आहे. किनारा विजयनगर, आदिलशाही, सावंत, शिवशाही अशा हातांतून गेला, हे येथे बसून उमगते.

मालवणला दुपारी पोहोचून त्या दिवशी फक्त किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग पाहावा. मोरयाचा धोंडा नावाच्या खडकापाशी जावे. गणेश, चंद्र-सूर्य अशी चिन्हे कोरलेल्या या ठिकाणी किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली असे मानले जाते. येथून समोर सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट, डावीकडे पद्मगड, उजवीकडे लांब सर्जेकोटची दिशा, अशी सारी मांडणी नजरेत बसते. सिंधुदुर्ग एकटा नव्हता. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे त्याचे सोबती होते, आणि भोवतीचे बुडालेले खडक हा चौथा, सर्वांत कठोर पहारेकरी. वाट ठाऊक नसलेले जहाज या खडकांत फुटत असे.

रात्री मालवणच्या घरगुती खानावळीत जेवावे. सोमवार, संकष्टी पाळणाऱ्यांनी काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे आणि सोलकढी मागावी. मासे न खाणाऱ्याची मालवणात उपासमार होते हा गैरसमज आहे. "खयसून इलात?" या प्रश्नाला "बेळगावसून" असे उत्तर दिले की बहुधा कोणाचा तरी मामा किंवा आत्या बेळगावात निघतेच.

चौथ्या दिवसाची सकाळ: सिंधुदुर्ग

पहिल्या होडीने जावे. एकदा आम्ही रविवारी दुपारी बारा वाजता धक्क्यावर पोहोचलो आणि दीड तास रांगेत उभे राहून किल्ल्यात अवघा पाऊण तास मिळाला. दोष सर्वस्वी आमचा होता. होडीवाले साधारणपणे तासाभराने परत बोलावतात. किल्ला नीट पाहायला किमान अडीच तास लागतात, म्हणून चढण्यापूर्वीच नंतरच्या होडीने परतण्याचे ठरवून घ्यावे.

किल्ल्याचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले आणि २९ मार्च १६६७ रोजी पुरे झाले. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली हे बांधकाम झाले. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाभोवती तीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा तट आहे, आणि तो सरळ नाही. खडकाच्या नागमोडी कडेने तो वळत जातो आणि त्या वळणांत ४२ बुरूज बसवले आहेत, त्यामुळे तटाच्या कोणत्याही भागाकडे येणाऱ्यावर दोन बाजूंनी मारा करता येतो. पायाचे दगड शिसे ओतून बसवले. चुना खाऱ्या पाण्यात तग धरणार नाही अशा जागी शिशाचा उपयोग झाला, आणि तीनशे साडेतीनशे पावसाळ्यांच्या लाटा खाऊन पाया अजून जागेवर आहे. ओहोटी साधलेली असेल तर होडीतून उतरतानाच पायाच्या या थरांकडे पाहावे.

आत शिरल्यावर दरवाजाची रचना रेडीला शिकलेल्या क्रमाने तपासावी. नंतर शिवराजेश्वराच्या मंदिराकडे जावे. राजाराम महाराजांनी उभारलेल्या या मंदिरात शिवाजी महाराजांची मूर्ती पूजली जाते. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींना चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी आहे. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत साठतो, त्यामुळे हे घडते. मग फांजीवर चढून दक्षिणेकडची राणीची वेळा ही लहानशी पुळण पाहावी. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांची अंगणे ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत, तेव्हा छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जिंकून त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले होते, पण ते टिकले नाही आणि पुढच्याच वर्षी किल्ला करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे, परत गेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. त्यामुळे यापुढे गर्दी वाढणार हे उघड आहे. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये.

पद्मगडाला ओहोटीच्या वेळी दांडीच्या किनाऱ्याकडून चालत जाता येते, परंतु स्थानिक माणूस सोबत असेल तरच जावे आणि पाणी फिरण्याच्या किमान एक तास आधी परतावे.

मालवण ते विजयदुर्ग

मालवण सोडल्यावर सर्जेकोट, आचरे, कुणकेश्वर आणि देवगड असा क्रम लागतो. आचऱ्याच्या रामेश्वराचे गाव काही वर्षांच्या अंतराने 'गावपळण' पाळते, तेव्हा माणसे गुराढोरांसह वेशीबाहेर मुक्कामाला जातात. कुणकेश्वरचे शिवमंदिर अगदी लाटांच्या काठावर आहे. देवगडचा किल्ला आंग्र्यांनी १७०५ मध्ये बांधला. तट थोडा उरला आहे, दीपगृह उठून दिसते. घाई असेल तर येथे अर्ध्या तासाहून अधिक वेळ देऊ नये आणि तो विजयदुर्गासाठी राखावा. खरे तर मालवणहून निघून विजयदुर्ग पाहून त्याच दिवशी घाट चढणे ओढाताणीचे आहे; सुटी मिळत असेल तर देवगडला किंवा विजयदुर्गला एक रात्र वाढवावी.

विजयदुर्ग शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीचा. गावातून चालत आत जाता येते, होडी लागत नाही. तीन तटांची रचना हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य. जिभीच्या दरवाजापासून आत जाताना आपण एका तटातून दुसऱ्यात कसे शिरतो आणि प्रत्येक वेळी वरच्या माणसाच्या माऱ्यात कसे येतो, याकडे लक्ष ठेवावे. सत्तावीस बुरुजांपैकी खूबलढा बुरुजावरून वाघोटणच्या खाडीचे तोंड दिसते. समुद्राच्या बाजूला पाण्याखाली सुमारे १२० मीटर लांबीची भिंत आहे. जवळ येणाऱ्या मोठ्या जहाजाचा तळ तिच्यावर आपटत असे. खाडीत आत गिर्ये गावाजवळ मराठा आरमाराची गोदी आहे, तेथे जहाजे बांधली आणि दुरुस्त केली जात. ती ओहोटीला पाहावी. गिर्ये येथील रामेश्वराच्या देवळाकडे उतरणारी वाट डोंगर कापून केलेली आहे. तीही चुकवू नये.

हा किल्ला समुद्राकडून जिंकण्याचे इंग्रज आणि डच यांचे प्रयत्न आंग्र्यांनी परतवले. तो पडला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये, जेव्हा नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात आंग्र्यांचे आरमार खाडीतच जळाले. खूबलढ्यावर उभे राहून त्या खाडीकडे पाहताना मराठ्यांनी मराठ्यांचे आरमार का बुडू दिले हा प्रश्न मनात येतोच. सोबतच्या मंडळींत त्यावर वाद होऊ द्यावा, तो होण्यासाठी याहून योग्य जागा नाही. पुढे आनंदराव धुळपांनी येथूनच पेशव्यांचे आरमार चालवले.

किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी येथून हेलियमचा शोध लावला असे सांगतात. ही गोष्ट ऐकायला छान असली तरी जशीच्या तशी मुलांना सांगू नये. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होते आणि सूर्याच्या वर्णपटातील त्यांचे निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथूनच झाले. ते विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मोठा लवाजमा घेऊन. ओट्यांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

परतीचा घाट

विजयदुर्गाहून तळेऱ्यावर महामार्गाला लागावे आणि दक्षिणेला नांदगाव तिठ्यावर येऊन देवगड–निपाणी रस्ता धरावा. फोंड्याला चहा घेऊन उजेड असतानाच घाट चढावा, कारण दाजीपूरच्या जंगलात संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात आणि धुक्यात ते अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. राधानगरी आणि मुधाळ तिठ्यावरून निपाणीला पोहोचले की मोठा महामार्ग लागतो, आणि तेथून बेळगाव सव्वा-दीड तासाच्या अंतरावर राहते. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या वाचकांनी हाच फेरा उलट न करता, आधी बेळगावला येऊन वेंगुर्ला रोडनेच खाली उतरावे. त्यामुळे किल्ल्यांचा क्रम बिघडत नाही.